शिवणयंत्राच्या अंगावरचा आकडा

खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांबरोबर शिवणाचे मशीनही पुजले जाते. झेंडूचे फूल, हळदीकुंकवाची बोटे, चिमूटभर अक्षता. वर्षानुवर्षे असे झाले की मशीनच्या बैठकीवर, उजव्या हाताला खांबाच्या पायथ्याशी, तेल आणि कुंकू यांचा कडक थर धरतो. जुन्या सिंगर मशीनची जन्मखूण नेमकी त्याच जागी, त्या थराखाली असते.

आजीचे बंद पडलेले मशीन माळ्यावरून खाली येते तेव्हा ही खूण आठवावी लागते. टीप सुटते आहे, खाली दोऱ्याचा गुंता होतो आहे, खालचा दोरा नेणारे शटल कुठे हरवले कोणाला माहीत नाही. दुरुस्ती करणारा विचारतो, “मॉडेल कोणते?” घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण मशीनवर सोनेरी अक्षरांत फक्त ‘सिंगर’ एवढेच लिहिलेले. मग फडक्याला शिवणाच्या मशीनचे तेल लावून, बेताने, नक्षी न खरवडता तो थर पुसायचा. हळूहळू धातूत ठोकलेले आकडे वर येतात. आधी एक किंवा दोन रोमन अक्षरे, त्यांच्यापुढे पाच-सात आकड्यांची रांग. हा मॉडेलचा क्रमांक नव्हे. तरी मॉडेलपर्यंत जायची वाट इथूनच सुरू होते, आणि ही वाट कशी पडली त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

आयझॅक मेरिट सिंगर यांना अमेरिकेत १२ ऑगस्ट १८५१ रोजी शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. एलियस हाव यांचे पेटंट १८४६चे, म्हणजे पाच वर्षे आधीचे. दोघांत कोर्टकज्जे झाले, इतरही त्यात उतरले, आणि शेवटी १८५६ साली हाव यांच्यासह सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली. ही मोट १८७७ पर्यंत टिकली. जुन्या मशीनच्या सरकत्या पत्र्यावर बारीक अक्षरांत तारखांची यादी कोरलेली दिसते ती अशा पेटंटांची. ती पाहून मशीन त्या वर्षी बनले असे समजणारे आजही भेटतात. त्या तारखांचा मशीनच्या वयाशी संबंध एवढाच, की मशीन शेवटच्या तारखेच्या आधीचे नाही.

सुरुवातीची मशीने बनत कशी, हे समजले की आकड्याचा उगम कळतो. १८५३ साली सिंगर कंपनीने ८१० मशीने विकली. त्या काळी सुटे भाग साधारण मापाचे ओतून, कापून घ्यायचे आणि मग कारागिराने कानस घेऊन एकेक भाग दुसऱ्यात बसेपर्यंत घासायचा. एका मशीनचा दांडा दुसऱ्या मशीनच्या खोबणीत बसेलच याची खात्री नसे. हे जुळवणीचे काम लोखंड मऊ असतानाच करावे लागे. जुळवून झाले की मशीन पुन्हा सुटे करायचे, भागांना पाणी देऊन कठीण करायचे आणि पुन्हा जोडायचे. या फेरीत शेकडो मशीनांचे भाग एकमेकांत मिसळले तर सगळी मेहनत वाया. म्हणून प्रत्येक मुख्य भागावर त्या मशीनचा क्रमांक ठोकला जाई. भाग एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून आकडा जन्माला आला. आज ज्या आकड्यावरून दुसऱ्या मशीनचा भाग आपल्या मशीनला शोधता येतो, तो मुळात ‘हा भाग दुसऱ्या कोणाला लावू नका’ असे सांगण्यासाठी होता.

दुसरा रस्ता त्याच काळात उपलब्ध होता. व्हीलर अँड विल्सन कंपनीने १८५७च्या सुमारास बंदुकांच्या कारखान्यांतली पद्धत उचलली. साचे आणि मापके वापरून प्रत्येक भाग असा करायचा, की तो कोणत्याही मशीनला बसावा. विलकॉक्स अँड गिब्ज यांची मशीने ब्राऊन अँड शार्प या कारखान्याने याच शिस्तीने बनवली. तरीही बाजार जिंकला तो कानस चालवणाऱ्या सिंगरने. १८७० साली कंपनीने १,२७,८३३ मशीने विकली. याचे श्रेय बव्हंशी एडवर्ड क्लार्क या भागीदाराचे. त्यांनी १८५६ पासून मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. हप्त्याच्या करारावर मशीनचा क्रमांक आला, एजंटाच्या वहीत आला, आणि कारखान्यातली अंतर्गत खूण गिऱ्हाइकाच्या घरी मशीनची ओळख बनली.

एवढ्या संख्येने मशीने बनू लागल्यावर कानस पुरणार नव्हती. अठराशे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या एलिझाबेथपोर्टच्या कारखान्यात मापकाप्रमाणेच भाग बनवण्याचे हुकूम निघाले. बदल एका रात्रीत झाला नाही, पण दिशा पक्की झाली. त्याच वेळी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक येथे किलबोवीचा नवा कारखाना उभा राहत होता. १८८५ साली तो सुरू झाला. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या चारही तबकड्या सव्वीस फूट व्यासाच्या, म्हणजे लंडनच्या बिग बेनहून मोठ्या. १९११ साली इथे संप झाला तेव्हा सुमारे अकरा हजार कामगार होते. १९१३ साली या एका कारखान्यातून तेरा लाखांच्या आसपास मशीने बाहेर पडली. हिंदुस्थानात आलेल्या सिंगर मशीनांतली बरीचशी इथली. मनोरा १९६३ साली पाडला, कारखाना १९८० साली बंद झाला, रेल्वे स्टेशनचे नाव मात्र अजून ‘सिंगर’च आहे.

कारखाने वाढले तसे नुसते आकडे पुरेनात. १९०० सालापासून क्रमांकाच्या आधी रोमन अक्षर आले. वाय अक्षर दिसले तर मशीन क्लाइडबँकचे आणि १९२०च्या दशकातले किंवा १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धातले. १९३०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे ईए, ईबी, ईसी अशी जोडअक्षरे सुरू झाली. जी किंवा एए असेल तर एलिझाबेथपोर्ट, सी असेल तर जर्मनीतले विटेनबर्गे. रशियात मॉस्कोजवळच्या पोडोल्स्कलाही कारखाना होता, त्याची अक्षरे वेगळी. अक्षर मुळीच नसेल तर मशीन १९००च्या आधीचे. आपल्याकडे अशी मशीने कमी, पण आहेत, आणि काहींवर टीप अजून सरळ पडते.

ही मशीने इथवर आली ती मुंबईमार्गे. १८७५च्या सुमारास सिंगरने मुंबईत पाय रोवला आणि पुढची कित्येक वर्षे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन इथला सगळा कारभार एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून पाहिला. युरोप-अमेरिकेत सिंगरचे गिऱ्हाईक म्हणजे घरातली बाई. इथे पहिले गिऱ्हाईक मिळाले ते शिंपी, कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून गिऱ्हाइकासमोर सदरा शिवून देणारे. त्यांना मशीन पोटासाठी हवे होते, दिवसाचे आठ-दहा तास चालणारे. म्हणून दुरुस्तीची समजही आधी त्यांच्याकडेच आली. कोणती सुई, कोणता पट्टा, कोणत्या भोकात किती थेंब तेल, हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, ओट्यावरून ओट्यावर गेले.

घरात मशीन शिरले ते पुढे, आणि त्यात शिवणवर्गांचा वाटा मोठा. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना जे शिकवले जाई त्यात शिवणकाम होते. नवऱ्यावाचून राहिलेल्या बाईला मशीन म्हणजे स्वतःचे चार पैसे. यंत्रांच्या अतिरेकाविरुद्ध बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरचे मशीन आपल्या विरोधातून वगळले. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगर यांनी ते बनवले, अशी गोष्ट ते सांगत. खऱ्या सिंगर यांचा संसार त्या गोष्टीत बसणारा नव्हता. पण शिवणाऱ्या बाईचे कष्ट गांधीजींनी अचूक पाहिले होते.

आता पुन्हा माळ्यावरून उतरलेल्या मशीनकडे. क्रमांकावरून कारखाना आणि साधारण वर्ष कळते. सिंगर एकेका मॉडेलसाठी क्रमांकांचे गठ्ठे आधीच राखून ठेवी आणि वहीत ज्या दिवशी गठ्ठा दिला ती तारीख लिही. म्हणजे वहीतली तारीख मशीन तयार झाल्याची नव्हे, क्रमांक वाटल्याची. कंपनीची जुनी दप्तरे आज अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत जपलेली आहेत. त्या नोंदींवरून संग्राहकांनी कोष्टके तयार केली. त्यात क्रमांक शोधला की मॉडेल सापडते: १५, २७, २८, ६६, ९९, २०१. क्लाइडबँकच्या मशीनांना पुढे ‘के’ लागतो, किलबोवीचा के. त्यामुळे १५के, २०१के.

जाणत्या दुरुस्तीवाल्याला बहुतेक वेळा कोष्टकाची गरजच पडत नाही. तो मशीनचा पत्रा सरकवतो आणि खाली बघतो. आत बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल झोके घेत असेल आणि बॉबिन लांब काडीसारखे असेल, तर ते २७ किंवा २८. दोन्हींचे काम एकच, २८चा आकार लहान. याच घराण्यातली १२७ आणि १२८ ही पुढची मशीने. त्यांत बॉबिन भरायचे चाकडे वर सरकले आणि शटल उचलून देणारी कळ आली. बॉबिन गोल आणि वरून आडवे पडणारे असेल तर ६६ किंवा त्याचे धाकटे भावंड ९९. गोल बॉबिन डबीत घालून डाव्या टोकाखाली उभे बसवायचे असेल तर १५. आणि १५ची आणखी एक खूण: दोऱ्याचा ताण धरणारी चकती समोर नसते, डाव्या टोकाच्या पत्र्यावर असते, आणि सुईत दोरा उजवीकडून डावीकडे ओवावा लागतो.

सोनेरी नक्षीवर मात्र विसंबू नये. पंख पसरलेल्या स्फिंक्सची नक्षी पाहून अनेक जण म्हणतात, हे मशीन तुतनखामेनची कबर सापडल्यानंतरचे, म्हणजे १९२२ नंतरचे. ही नक्षी त्याच्या कितीतरी आधीपासून सिंगरच्या मशीनांवर होती, आणि ती २७वरही सापडते, १५वरही.

खरी गंमत सुट्या भागांवरच्या आकड्यांत आहे. विसाव्या शतकात सिंगरने आपल्या भागांवर ‘सिमॅन्को’ हा शब्द ठोकायला सुरुवात केली. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांची ती सांगड. त्याच्याजवळ पाच-सहा आकडी क्रमांक असतो तो फक्त त्या भागाचा: सुईखालच्या पट्टीचा, शटलचा, एखाद्या तरफेचा. मॉडेल शोधणारे नवशिके हाच क्रमांक घेऊन बाजारात जातात आणि गोंधळतात. पण ज्याला भाग हवा आहे त्याच्यासाठी हा क्रमांक मॉडेलहून मोलाचा. कंपनी प्रत्येक मॉडेलच्या भागांच्या छापील याद्या काढी. त्यात प्रत्येक स्क्रूलाही स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो हवाच, कारण सिंगरच्या स्क्रूंचे आटे लोखंडाच्या दुकानातल्या मापांशी जुळत नाहीत. जवळपासचा स्क्रू पिळून बसवला तर भोकातले आटे कायमचे जातात. जुन्या मशीनांचे जेवढे नुकसान गंजाने केले नसेल तेवढे असल्या घाईने केले आहे.

सुईबद्दल तर स्वतंत्र सांगायला हवे, कारण मशीन ओळखण्यातली सगळ्यात महाग चूक इथेच होते. एकोणिसाव्या शतकातल्या ‘न्यू फॅमिली’ म्हणजे मॉडेल १२च्या सुईची मूठ गोल असे. १५च्या सुईची मूठ एका बाजूने सपाट. हीच पुढे १५×१ या नावाने घरगुती मशीनांची सर्रास सुई झाली, आणि आज कोपऱ्यावरच्या दोरे-बटणांच्या दुकानात ‘मशीनची सुई’ मागितली की हीच हातात पडते. एखाद्याच्या घरी १९५०च्या दशकातले ३०६के असते. दिसायला देखणे, झिगझॅग टीप घालणारे. त्याला १५×१ सुई आरामात बसते, खिळ कसली जाते, सगळे ठीक वाटते. पण ३०६ची सुई वेगळी, २०६×१३, थोडी आखूड. लांब सुई खाली जाऊन लोखंडावर आपटते, मोडते, कधी खालच्या भागाला ओरखडा पाडते, आणि मग प्रत्येक टिपेला दोरा तुटतो. मालक म्हणतो मशीन खराब आहे. मशीन चांगले असते, त्याला चुकीची सुई मिळालेली असते. बॉबिनचेही तसेच. १५ आणि ६६ची बॉबिने आकाराने जवळजवळ सारखी, फरक एवढाच की १५च्या चकत्या सपाट आणि ६६च्या किंचित फुगीर. हातात घेऊन बोट फिरवल्याशिवाय तो कळत नाही.

या सगळ्या मॉडेलांच्या गर्दीत एक मॉडेल जिंकले, ते १५. त्याचे पेटंट संपले आणि जगभर त्याच्या नकला होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आपल्या कारखान्यांसाठी घरगुती मशीनचा एकच नमुना ठरवला, एचए-१, आणि तो मुळात सिंगर १५च. वेगवेगळ्या कारखान्यांनी भाग करायचे, पण एकाचा भाग दुसऱ्याच्या मशीनला बसलाच पाहिजे. सुईच्या पाकिटावर एचए×१ लिहिलेले असते ते या नमुन्यावरून, सुई तीच १५×१. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा मशीने आपल्याकडे घरोघर पोहोचली. १९३०च्या दशकात सुरू झालेला हा कारखाना लाला श्रीराम यांच्या हाती गेला आणि वाढला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मशीनांच्या आयातीवर निर्बंध आले आणि लुधियानात सुट्या भागांचे छोटे कारखाने गल्लीगल्लीत उभे राहिले. तिथून निघणारे काळे, सोनेरी पट्ट्यांचे, चाक फिरवायचे मशीन बघावे: ताणाची चकती डाव्या टोकाला, दोरा उजवीकडून डावीकडे, डबीतले बॉबिन उभे. नाव कोणतेही असो, हाडे १५ची.

याचा फायदा एखाद्या तालुक्याच्या गावी मशीन दुरुस्त करणाऱ्याला रोज होतो. त्याच्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात शंभर नव्हे, दहा-पंधरा जातींचेच भाग असतात, आणि त्यांतून तो पंचक्रोशीतली बहुतेक मशीने चालू ठेवतो. सिंगर, उषा किंवा कोणतेच नाव नसलेले, डबी तीच, सुई तीच, दातेही बऱ्याचदा तेच. कानशीने घासून जुळवलेल्या आणि प्रत्येक भागावर वेगळा आकडा ठोकलेल्या मशीनांपासून सुरू झालेला प्रवास इथे, या डब्यापाशी येऊन पोहोचला.

अडतो तो २७ आणि २८चे शटल हरवलेला माणूस. ते लांब शटल आता नव्याने सहज मिळत नाही. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या मशीनांचे सांगाडे मांडून बसलेल्यांकडे शोधावे लागते. मिळालेले शटल बोटांत धरून त्याचे टोक बघायचे. ते टोकदार आणि गुळगुळीत हवे, बोथट झाले असेल तर ते सुईमागचा फास पकडत नाही. मग घरी येऊन पत्रा सरकवायचा, शटल पाळण्यात ठेवायचे, दोरा वर ओढून घ्यायचा आणि चाक हाताने, अगदी सावकाश, आपल्या दिशेने फिरवायचे. सुई खाली जाते, शटल एकदा मागे आणि एकदा पुढे सरकते, आणि फडक्याच्या कडेला पहिली टीप पडते.

खालच्या पातळ लोखंडी पत्र्यावर त्या क्षणी एक हलकी टकटक ऐकू येते. ज्यांच्या लहानपणी दुपारभर आजी शिवत बसलेली असायची, त्यांना ती वेगळी ओळखावी लागत नाही.